इजाऱ्यापासून ई-लिलावापर्यंत : मुरबाड–शहापूर परिसराच्या संदर्भात लिलावपद्धती व प्रोत्साहन-रचनेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव नाणेघाटाच्या पायथ्याशी वसले आहे. सातवाहनकाळात कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला माल याच वाटेने सह्याद्री चढून जुन्नरकडे आणि पुढे प्रतिष्ठान म्हणजेच पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. १८२८ मध्ये विल्यम साईक्स यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. शिलालेखातील दानांच्या नोंदींमध्ये कार्षापणांचे मोठमोठे आकडे आढळतात. खिंडीच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण परंपरेने जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. व्यापार, नाणे आणि सत्ता यांचा परस्परसंबंध दाखविणारी इतकी बोलकी जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

या रांजणाकडे पाहताना सहसा राज्याच्या उत्पन्नाचा विचार केला जातो. परंतु रांजणात पडलेले नाणे अखेरीस कोणाच्या पदरचे होते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जकात व्यापारी भरत असला तरी तिचा भार उत्पादकावर, तांड्यावर की ग्राहकावर पडावा, हे बाजाराच्या रचनेवर अवलंबून असते. लिलावाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. लिलावात बोली एक जण बोलतो. पण त्या बोलीची भरपाई अनेकदा लिलावाच्या जागी हजर नसलेल्या दुसऱ्याच कोणाकडून होते.

गेल्या साठ वर्षांत लिलावाचा सिद्धान्त ही अर्थशास्त्राची एक समृद्ध शाखा बनली आहे आणि इलेक्ट्रॉनिक व्यापाराच्या प्रसारामुळे तिला विलक्षण व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले आहे. प्रस्तुत लेखात या सिद्धान्ताच्या प्रकाशात मुरबाड–शहापूर परिसर व तत्कालीन ठाणे जिल्हा यांनी अनुभवलेल्या लिलावपद्धतींचा मागोवा घेतला आहे. इजारा, अबकारी मक्ता, जंगलातील कूप, बाजार समितीतील उघड लिलाव आणि संगणकीय लिलाव हे या प्रवासाचे पाच टप्पे होत. लिलावाचे यश केवळ सर्वांत वरच्या बोलीने मोजता येत नाही. बोलीला कोण येऊ शकतो आणि चढ्या बोलीचा भार कोणावर पडतो, हे ठरविणारे नियमच निर्णायक असतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

लिलाव-सिद्धान्ताची पार्श्वभूमी

लिलावाच्या आधुनिक सिद्धान्ताचा प्रारंभ विल्यम विकरी यांच्या १९६१ मधील निबंधापासून मानला जातो. सर्वांत वरची बोली बोलणाऱ्यास वस्तू द्यावी, परंतु किंमत मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी घ्यावी, असा नियम केल्यास प्रत्येक बोलीदाराला आपल्या मनातील खरे मूल्य सांगणेच हिताचे ठरते, हे त्यांनी दाखविले. या विचारामागील सूत्र साधे आहे. माणसाने खरे बोलावे असे वाटत असेल, तर उपदेशापेक्षा नियम असे असावेत की खरे बोलण्यातच त्याचे हित असेल. यालाच प्रोत्साहन-रचना म्हणता येईल. पुढे लिओनिद हुर्विच, एरिक मॅस्किन व रॉजर मायर्सन यांनी या सूत्राचा विस्तार केला व त्याबद्दल त्यांना २००७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉल मिलग्रॉम व रॉबर्ट विल्सन यांना लिलाव-सिद्धान्तातील कार्याबद्दल २०२० मध्ये हाच सन्मान लाभला.

प्रस्तुत विवेचनासाठी या संशोधनातील दोन निष्कर्ष विशेष उपयुक्त आहेत. पहिला निष्कर्ष ‘विजेत्याचा शाप’ या नावाने ओळखला जातो. जेव्हा वस्तूचे खरे मूल्य कोणालाच निश्चित ठाऊक नसते, तेव्हा ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो तोच बहुधा लिलाव जिंकतो आणि जिंकल्यावर तोट्यात जातो. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांबाबत केपन, क्लॅप व कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये हे निदर्शनास आणले. विल्सन यांच्या संशोधनाने त्याला सैद्धान्तिक पाया दिला. दुसरा निष्कर्ष जेरेमी ब्युलो व पॉल क्लेम्परर यांच्या १९९६ मधील निबंधात आहे. काही गृहीतकांच्या मर्यादेत, विक्रेत्याला हातची किंमत काटेकोरपणे ठरविण्यापेक्षा एक जादा खरा स्पर्धक मिळणे अधिक लाभदायक असते, असे त्यांनी सिद्ध केले. लिलावाच्या व्यवहारात खरे महत्त्व स्पर्धकांच्या प्रवेशाला व संगनमत रोखण्याला असते, हे क्लेम्परर यांनी २००२ मध्ये आग्रहपूर्वक मांडले.

तथापि, या सिद्धान्ताच्या प्राथमिक मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. जिंकणारा चुकला, तर तोटा जिंकणाऱ्याचाच, असे त्यात मानले जाते. उत्तर कोकणाच्या इतिहासात हे गृहीतक वारंवार कोसळलेले दिसते.

इजारा : बोलीचा भार खाली सरकतो

पेशवाईच्या मध्यकाळात, विशेषतः थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, महसुलाची वसुली कमाविसदारामार्फत होत असे. कमाविसदार सरकारात रसद म्हणजे आगाऊ रक्कम भरत असला, तरी त्याची नेमणूक, त्याचे वेतन व त्याचे हिशेब यांवर पुण्याच्या दफ्तराची नजर असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही घडी विस्कटली. अधिकाधिक रक्कम कबूल करणाऱ्यास मामलत देण्याची, म्हणजेच इजाऱ्याची पद्धत रूढ झाली.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मधील आपल्या अहवालात या पद्धतीचे वर्णन केले आहे. मामलतींचा दरबारातील मंडळींमध्ये जणू लिलावच होत असे. चढी बोली बोलण्यास उत्तेजन दिले जाई आणि मागे राहणाऱ्यावर नाराजी ओढवे. मामलत मिळालेला इजारदार ती वाढीव दराने पोटइजारदारांना देई, पोटइजारदार तोच क्रम पुढे चालवीत आणि ही साखळी अखेरीस गावच्या पाटलापर्यंत येऊन पोचे. एल्फिन्स्टन हे जेत्या सत्तेचे अधिकारी होते, त्यामुळे पराभूत राजवटीचे त्यांनी केलेले वर्णन सावधपणे वाचणे आवश्यक आहे. परंतु इजाऱ्याची रचना स्वतःच या परिणामाकडे नेणारी होती, हे तर्काने पटते.

येथे विजेत्याचा शाप वेगळे रूप धारण करतो. इजारदाराने फुगवून बोली बोलली, तरी त्याला स्वतः तोटा सोसण्याचे कारण नसे. तो आपला भार पोटइजारदाराकडे, पोटइजारदार पाटलाकडे आणि पाटील कुळाकडे सरकवीत असे. ज्याच्यापुढे भार सरकविण्यास कोणी उरत नाही, तो शेतकरी शाप भोगत असे. शिवाय इजाऱ्याची मुदत अल्प आणि पुढील वर्षी तोच मुलूख आपल्याकडे राहील याची शाश्वती नाही, अशा स्थितीत जमिनीची मशागत, बांधबंदिस्ती किंवा कुळाला सावरून घेणे यांत इजारदाराचा काहीच स्वार्थ नव्हता. इजारदारांमध्ये दुष्ट माणसांचे प्रमाण अधिक होते असे मानण्याची गरज नाही. नियमच असे होते की सौम्य माणसाची बोली कमी पडावी.

अबकारी मक्ता : विक्री वाढविण्याचे प्रोत्साहन

१८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकण कंपनीकडे गेले. जमीनमहसुलाचा इजारा बंद झाला, तरी लिलाव संपला नाही. दारूविक्रीचा हक्क सर्वाधिक रक्कम देणाऱ्यास मक्त्याने देण्याची पद्धत चालू राहिली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने तिला अधिक केंद्रित स्वरूप दिले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून पुरविली जाऊ लागली आणि ठरावीक किमान महसुलाची हमी देणाऱ्या मक्तेदारांकडे विक्रीचा एकाधिकार आला. घरोघरी गाळली जाणारी मोहाची दारू गुन्हा ठरली. १८९२ च्या मोह कायद्याने तर या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. ज्या झाडाखाली आदिवासी कुटुंब उन्हाळ्यात अन्न म्हणून फुले वेचीत असे, तेच झाड संशयास्पद बनले.

प्रोत्साहन-रचनेच्या दृष्टीने हा मक्ता अत्यंत शिकविणारा आहे. मक्तेदाराने सरकारला द्यावयाची किमान रक्कम एकदा ठरली, की तिच्या वरच्या विक्रीत त्याचा फायदा असे. साहजिकच विक्री वाढविणे, उधारीवर दारू देणे आणि चोरटी गाळणी पकडण्यास यंत्रणेला साहाय्य करणे यांत त्याचे हित गुंतले. सरकारचा महसूल वाढत होता. लिलाव ‘यशस्वी’ होत होता. मात्र वाढलेल्या बोलीचा प्रत्येक रुपया पाड्यावरील मजुरीतून वसूल होत होता. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरात व ठाणे परिसराच्या संदर्भात दाखविल्याप्रमाणे, १९२२ च्या देवी चळवळीत आदिवासींनी मोठ्या प्रमाणावर दारू सोडली. दारूत्यागाचे धार्मिक व नैतिक अर्थ महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्या मक्त्याची भरपाई आपल्याकडून होत होती, तो मक्ताच निरर्थक करण्याचा तो एक मार्गही होता. लिलावात स्थान नसलेल्यांनी लिलावाला दिलेले हे उत्तर होते, असे म्हणता येईल.

कूपाचा लिलाव आणि जंगल कामगार सहकारी संस्था

मुरबाड व शहापूर या तालुक्यांच्या अर्थजीवनावर सर्वांत खोल ठसा उमटविला तो जंगलाच्या लिलावाने. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वेमार्ग सुरू झाला आणि शहापूर तालुक्यातील जंगल मुंबईच्या बाजारपेठेला थेट जोडले गेले. इमारती लाकूड, जळाऊ लाकूड व कोळसा यांची मागणी वाढली. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव झाली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला व त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राखीव जंगलाचे कूप पाडून ते ठेकेदारांना लिलावाने दिले जात.

कूपात किती माल निघेल हे तोड होईपर्यंत कोणालाच नेमके ठाऊक नसते. म्हणजेच विजेत्याच्या शापाला अनुकूल अशी ही वस्तू होती. अंदाज चुकलेल्या ठेकेदारापुढे तोटा टाळण्याचे दोन मार्ग उघडे असत : मजुरी कमी करणे किंवा कूपाच्या हद्दीबाहेर तोड करणे. दोन्ही मार्गांचा खर्च लिलावाच्या नोंदवहीत दिसत नसे. पावसाळ्यात खावटी म्हणून दिलेले धान्य, कोळशाच्या भट्टीवर जाण्यापूर्वी दिलेली उचल आणि त्यापोटी वर्षानुवर्षे चालणारी बांधीलकी यांमुळे कातकरी, ठाकूर, महादेव कोळी व वारली मजुराला दुसऱ्या ठेकेदाराकडे जाण्याचे स्वातंत्र्य उरत नसे. लाकडासाठी बोली लागत होती. श्रमासाठी मात्र स्पर्धाच नव्हती. डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीवर लिहिलेल्या अहवालात सावकार, जमीनदार व जंगल-ठेकेदार यांच्याकडून होणाऱ्या पिळवणुकीची दखल घेतली आहे.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव, डहाणू भागात वारल्यांचा लढा उभा राहिला. वेठबिगारीचा अंत हा त्याचा गाभा होता. गवतकापणी व जंगलतोडीच्या मजुरीचे दर हाही त्यातील कळीचा मुद्दा होता. याच सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात जंगल कामगार सहकारी संस्थांची कल्पना पुढे आली व ठाणे जिल्हा तिच्या आरंभीच्या प्रयोगभूमींपैकी एक ठरला. या संस्थांना कूप लिलावाविना, सरकारने ठरविलेल्या किमतीस देण्यात येऊ लागले. नफ्याच्या वाटणीचे नियम पुढे बदलत गेले.

या धोरणाने प्रोत्साहनाची दिशा पालटली. तोड करणाराच संस्थेचा सभासद असल्याने मजुरी कमी करून नफा वाढविण्याचे कारण तत्त्वतः उरले नाही. परंतु येथे दुसऱ्या प्रकारची अडचण निर्माण झाली. लिलाव हे किंमत ठरविण्याचे साधन तसेच माहिती बाहेर काढण्याचेही साधन असते. ते बाजूला सारल्यावर कूपाची योग्य किंमत कोणती, हे अधिकाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून राहिले. हिशेब ठेवण्याचे कौशल्य आणि भांडवल ज्यांच्याकडे होते, त्यांचा काही संस्थांवर प्रभाव राहिला. लिलाव असो वा नसो, ज्याच्या हाती माहिती व उचल देण्याची ऐपत असते त्याचेच वर्चस्व टिकते, हा धडा या अनुभवातून मिळतो.

बाजार समिती : रुमालाखालून उघड लिलावाकडे

आतापर्यंतच्या टप्प्यांत ग्रामीण उत्पादक हा लिलावाबाहेरचा भार वाहणारा होता. नियंत्रित बाजारामुळे तो प्रथमच विक्रेता म्हणून लिलावात आला. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून दर ठरविण्याची रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. शेतमालाच्या व्यापारातही हीच रीत होती. दलाल आणि खरेदीदार यांच्या बोटांनी ठरलेला दर ज्याचा माल त्यालाच कळत नसे.

वऱ्हाडात १८९७ च्या कापूस व धान्य बाजारविषयक कायद्याने नियंत्रणाचा आरंभ झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक राजकीय आयोगाने अशा बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांतात १९३९ चा व महाराष्ट्र राज्यात १९६३ चा कृषी उत्पन्न बाजारविषयक कायदा झाला. उघड लिलाव, परवानाधारक खरेदीदार, प्रमाणित वजनमाप आणि हिशेबपट्टी ही या व्यवस्थेची अंगे होत. रुमाल दूर झाला आणि दर सर्वांच्या कानी पडू लागला, ही लहान सुधारणा नव्हती.

तथापि, दर ऐकू येणे आणि दरासाठी स्पर्धा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परवान्यांची संख्या मर्यादित, गाळे मोजके आणि रोज तेच खरेदीदार समोरासमोर, अशा परिस्थितीत संगनमत सहज टिकते. कारण जो आज साखळी मोडेल त्याला उद्या धडा शिकविता येतो. ए. बॅनर्जी व जे. व्ही. मीनाक्षी यांनी उत्तर भारतातील गव्हाच्या बाजारांविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उघड लिलावातील दरांचे विश्लेषण करून खरेदीदारांच्या संगनमताचा पुरावा मांडला आहे. शिवाय अडत्याकडून घेतलेली उचल शेतकऱ्याला त्याच्याच गाळ्याशी बांधून ठेवते. जंगलातील खावटीचे हे बाजार समितीतील रूप होय. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांची विक्री समितीच्या आवाराबाहेर खुली करण्यात आली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. उचलीचे बंधन मात्र केवळ अडत कोणी द्यावी हे बदलून सुटत नाही.

संगणकीय लिलाव : अलीकडील संशोधनाचे निष्कर्ष

इंटरनेटवरील लिलावांनी अर्थशास्त्रज्ञांना जणू प्रयोगशाळाच उपलब्ध करून दिली. ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे व ॲमेझॉन या दोन संकेतस्थळांवरील तत्कालीन लिलावांची तुलना केली. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपत असे, तर ॲमेझॉनवर अखेरच्या क्षणी बोली आल्यास मुदत आपोआप वाढत असे. पहिल्या ठिकाणी बोलीदार शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसत. दुसऱ्या ठिकाणी ही प्रवृत्ती बरीच कमी होती. समाप्तीचा एक लहानसा नियम माणसांच्या वर्तनात केवढा फरक घडवितो, हे या अभ्यासाने दाखविले.

शेतमालाच्या बाबतीत भारतातील पुरावा अधिक उद्बोधक आहे. मध्य प्रदेशात २००० पासून सुरू झालेल्या ई-चौपाल उपक्रमातील संगणक केंद्रांचा अपर्णा गोयल यांनी अभ्यास केला. केंद्रे सुरू झाल्यावर लगतच्या बाजार समित्यांतील सोयाबीनच्या दरात सरासरी १ ते ३ टक्के वाढ झाल्याचे त्यांना आढळले. वाढीचे कारण शेतकऱ्यापुढे दुसरा ग्राहक उभा राहिला हे होते. कर्नाटकाने २०१४ पासून बाजार समित्या एका संगणकीय व्यासपीठावर आणल्या. रेत्सेफ लेव्ही, मनोज राजन, सोमया सिंघवी व यांचोंग झेंग यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या एकीकरणामुळे भाताच्या दरात ५.१ टक्के, भुईमुगाच्या दरात ३.६ टक्के आणि मक्याच्या दरात ३.५ टक्के वाढ झाली. सर्व पिकांना मात्र सारखा लाभ झाला नाही.

याच संशोधकांनी पुढे कर्नाटकातील एका बाजारात डाळवर्गीय धान्यासाठी दोन फेऱ्यांचा लिलाव रचला. पहिल्या फेरीत सर्वांनी बंद बोली द्यावयाच्या. त्यांतील वरच्या बोलीदारांनाच दुसऱ्या फेरीत बोली वाढविण्याची संधी मिळे. शेतकऱ्याला त्याच दिवशी माल विकून घरी परतायचे असल्याने लिलाव लांबविता येत नाही, ही व्यावहारिक मर्यादा पाळूनच ही रचना केली होती. परिणामी दरात ४.७ टक्के वाढ नोंदविली गेली व तिचा लाभ १०,००० हून अधिक शेतकऱ्यांना मिळाला. शेतकऱ्याचा नफा हा किमतीचा लहान अंश असल्याने दरातील एवढीशी वाढही त्याच्या नफ्यात अनेक पटींनी मोठी ठरते. संगणक दोन्ही लिलावांत होता. फरक पडला तो नियम बदलल्यामुळे, ही बाब येथे अधोरेखित करण्यासारखी आहे.

राष्ट्रीय स्तरावर ई-नाम या व्यासपीठाचा प्रारंभ १४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतील २१ बाजारांनी झाला. मार्च २०१८ पर्यंत ५८५ आणि मे २०२० पर्यंत १,००० बाजार त्याला जोडले गेले. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील ६० बाजार समित्या त्यात होत्या. परंतु व्यवहारांचा मोठा भाग त्याच आवारातील परवानाधारकांमध्येच होत असल्याचे अनेक अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे. मालाची प्रतवारी विश्वासार्ह नसेल, तर दूरचा खरेदीदार न पाहिलेल्या मालावर बोली बोलण्यास धजत नाही. आवारातील तेच खरेदीदार आता पडद्यावर बोली देत असतील, तर संगनमताचे स्थान बदलते, संगनमत संपत नाही. ब्युलो व क्लेम्परर यांच्या भाषेत सांगायचे तर संगणक आला, पण जादा स्पर्धक आला नाही.

वनोपजाची विक्री : लिलावाचा नवा धनी

मुरबाड–शहापूर परिसरात हा प्रश्न धान्यापुरता मर्यादित नाही. शहापूर तालुका पूर्णतः आणि मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजावरील मालकी वनहक्कधारकांची मानली. त्यामुळे ज्या लिलावात पूर्वी शासन विक्रेता, ठेकेदार बोलीदार आणि आदिवासी मजूर अशी वाटणी होती, त्यात आदिवासीने विक्रेत्याच्या जागी येण्याची शक्यता निर्माण झाली. महाराष्ट्रात या बदलाचे ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे होय. तेथे एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. पुढे त्या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपानांसाठी स्वतः निविदा मागविल्या.

शहापूर तालुक्यातील अनुभव वेगळ्या वाटेने जातो. येथील आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या वनधन केंद्रातील कातकरी तरुणांनी गुळवेलीचे संकलन व विक्री हाती घेतली आणि त्यासाठी संकेतस्थळाचाही उपयोग केला. केंद्र शासनाच्या २०२१ मधील निवेदनानुसार या समूहाला औषधकंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीसाठी १.५७ कोटी रुपयांची मागणी मिळाली होती. हिशेब केल्यास हा दर किलोस सुमारे ४५ रुपये पडतो. अर्थात ही समूहाला मिळावयाची किंमत आहे. वेल तोडून, वाळवून आणणाऱ्या कुटुंबाच्या हाती किती येते, हे वाहतूक, साठवण व खेळते भांडवल यांवर ठरते.

या व्यवहारात उघड बोली नाही. आधी ठरलेली मागणी व ठरलेला दर आहे. तरीही प्रोत्साहन-रचनेचे सर्व प्रश्न येथे उपस्थित होतात. संकलकाला पैसे तत्काळ मिळाले नाहीत तर तो कमी दराने गावच्या व्यापाऱ्याला माल देतो. म्हणजे उचलीची जुनी साखळी पुन्हा बळकट होते. केवळ वजनावर पैसे मिळाले तर वेल मुळापासून उपटण्याचा मोह होतो. वेल राखून तोडणाऱ्यास काही अधिक मिळाले तर जंगल टिकते. ठेकेदाराच्या कूपातील हद्दीबाहेरची तोड आणि मुळासकट उपटलेली वेल या दोहोंमागे एकच कारण असते : भविष्यातील नुकसान आजच्या हिशेबात धरलेले नसते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) इजारा, अबकारी मक्ता व कूप या तिन्ही लिलावांत बोली चढती राहिली, पण चढ्या बोलीचा तोटा विजेत्याने सोसला नाही, तो कुळ, ग्राहक व मजूर यांच्याकडे सरकला. म्हणून ज्या लिलावात विजेत्याला भार पुढे सरकविता येतो, तेथे अधिक बोली हे अधिक कार्यक्षमतेचे लक्षण मानता येत नाही.

२) लिलाव रद्द केल्याने प्रश्न आपोआप सुटत नाही. जंगल कामगार सहकारी संस्थांच्या अनुभवावरून दिसते की, किंमत ठरविणारी माहिती आणि हिशेबावरील पकड सभासदांच्या हाती नसेल, तर जुने वर्चस्व नव्या नावाने परत येऊ शकते.

३) खावटी, उचल आणि अडत्याचे कर्ज ही एकाच बंधनाची रूपे आहेत. विक्रेता आधीच बांधला गेला असेल, तर लिलाव कितीही उघड असला तरी त्याच्यासाठी स्पर्धा नसते.

४) संगणकीय लिलावाचे यश यंत्रावर अवलंबून नसून नियमांवर अवलंबून आहे. कर्नाटकातील दोन फेऱ्यांचा प्रयोग हे त्याचे उत्तम प्रमाण होय. नव्या खरेदीदारांचा प्रवेश, विश्वासार्ह प्रतवारी आणि तत्काळ चुकारा या तीन बाबींविना पडद्यावरील लिलाव जुन्या आवाराचीच प्रतिकृती ठरतो.

समारोप

नाणेघाटातील रांजण आज रिकामा आहे आणि व्यापाराची वाट खिंडीतून केव्हाच माळशेज घाटाच्या रस्त्यावर गेली आहे. वैशाखऱ्याच्या परिसरातील भात, मोह वा गुळवेल यांचा दर आता दूरच्या एखाद्या पडद्यावर ठरू शकतो. लिलाव-सिद्धान्ताने या पडद्यामागील नियम जाणीवपूर्वक रचण्याचे सामर्थ्य दिले आहे. ते वापरताना उत्तर कोकणाच्या इतिहासाचा एकच प्रश्न पुढे ठेवणे पुरेसे आहे : जिंकणाऱ्याने चूक केली, तर तिची किंमत कोण चुकविणार? ज्या रचनेत याचे उत्तर ‘जिंकणाराच’ असे येते, तीच रचना घाटाखालच्या उत्पादकाच्या दृष्टीने न्याय्य म्हणता येईल.